शनिवारची शेवटची ट्रॉली

दार ठोठाव गं बाई, एकदा नव्हे सातदा
सहादा जे मुके राही, बोलेल ते सातव्यांदा

हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो भिंतीआडून. लग्न होऊन त्या दोन खोल्यांत आले, त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. मोरीत कपडे आपटत होतं कुणीतरी, आणि त्या आपटण्यात एका बाईचा गळा गुंफलेला. थप् झालं की शब्द, शब्द झाला की थप्. गळा काही गोड नव्हता. जाडाभरडा होता, घोंगडीसारखा. पण ऊब होती. मी पडल्या पडल्या नवऱ्याला विचारलं, "कोण गातंय?"

तो कूस बदलत म्हणाला, "आई. कपडे धुतेय की देवाला धुतेय, तिचं तिलाच ठाऊक."

सासूबाईंना या ओव्या त्यांच्या आईनं दिल्या होत्या. त्या माउलीला अक्षरओळख नव्हती. पाळक रविवारी चर्चमध्ये शास्त्रातलं जे वाचायचे, ते ती सोमवारी धुण्याच्या दगडावर ओवीत घालायची. न्यायाधीशाच्या दारी रोज जाऊन उभी राहणारी विधवा, जिच्या चिकाटीला कंटाळून शेवटी त्यानं न्याय दिला, ती. शहराच्या भिंतीभोवती सात दिवस फिरून ती पाडणारे लोक. माशाच्या पोटात बसून प्रार्थना करणारा माणूस. सगळे त्या दगडावर आपटून, पिळून, झटकून वाळत घातलेले. मला शास्त्र आधी पाठ झालं ते असं, साबणाच्या वासासकट.

आणि एक होती सुनेची ओवी. नवरा वारला तरी सासूचा हात न सोडणारी, परक्या मुलखातली ती सून.

एक सून मागे गेली, एक सून संगे आली
सासूच्या गं सावलीला दुजी सावली मिळाली

ही माझ्यासाठी आहे हे पहिले आठ महिने मला कळलं नाही. तेव्हा नवरा घरात होता.

मग तो जहाजावर गेला, स्वयंपाक्याचा मदतनीस म्हणून. दोन पत्रं आली. पहिल्यात समुद्र होता, दुसऱ्यात पगार कमी असल्याची तक्रार. तिसरं आलंच नाही. सात वर्षं झाली. बुडाला म्हणावं तर तसं कोणी कळवलं नाही, जिवंत आहे म्हणावं तर तसंही नाही. मी ना सवाष्ण ना विधवा. दाराच्या चौकटीत उभं राहून जेवावं, तशी जगत होते.

जाताना त्याचा एक पांढरा शर्ट खुंटीवर राहिला होता. सासूबाई तो दर शनिवारी धुवायच्या. "आला तर धुतलेलं नको का अंगात घालायला?" इस्त्री मी करायची. सात वर्षं कुणाच्या अंगावर न गेलेला शर्ट नुसता धुऊन धुऊन विरला. कॉलर मी दोनदा उलटवली. उजेडात धरला की पलीकडची खिडकी दिसायची. आणि खिडकीपलीकडे काय, तर शेजारच्या इमारतीची भिंत.

चर्चमध्ये बायका माझा हात हातात घेऊन म्हणायच्या, "शास्त्रातली सून आहेस गं तू." सासूबाईंचा चेहरा तेव्हा उजळायचा. मी मात्र हळूच हात सोडवून घ्यायचे. एकदा पाळकांनी तो भाग वाचला. मी पहिल्यांदाच नीट कान देऊन ऐकला. त्यात ती सासू आधी दोन्ही सुनांना सांगते, माघारी जा. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा सांगते. घरी आल्यावर मी विचारलं, "आई, हे तुमच्या ओवीत का नाही?"

त्या भांडं घासत होत्या. "आईनं मला शिकवलं तेवढं मी म्हणते," त्या म्हणाल्या, आणि घासलेलं भांडं पुन्हा घासायला घेतलं.

रोज सकाळ-संध्याकाळ आम्ही शेजारी शेजारी गुडघे टेकायचो. त्यांची प्रार्थना मोठ्यानं असायची, माझी मनात. एकाच दारावर दोघी ठोठावत होतो. त्या म्हणायच्या, त्याला आत आण. मी म्हणायचे, मला बाहेर सोड. देवानं तरी कोणाचं ऐकायचं!

आम्ही दोघीही धुलाईखान्यात होतो. हॉटेलांच्या आणि वसतिगृहांच्या चादरी यायच्या, धुऊन, सुकवून, इस्त्री होऊन जायच्या. तळघरात धुण्याची यंत्रं, दहा ड्रायर आणि इस्त्रीची टेबलं. वरच्या मजल्यावर माल पाठवण्याची खोली. मध्ये चौतीस पायऱ्या आणि एक मालाची लिफ्ट. लिफ्ट फक्त ट्रॉलीसाठी. माणूस आत दिसलं तर सुपरवायझर एक दिवस घरी बसवायची. तिला आम्ही कडकबाई म्हणायचो. तिच्या चादरीतसुद्धा तिच्याइतका स्टार्च नसायचा.

पण सासूबाईंच्या गुडघ्यांना चौतीस पायऱ्या म्हणजे चौतीस सुया. म्हणून दर शनिवारी, चार वाजता आमची पाळी सुटली की शेवटची ट्रॉली वर न्यायचं काम त्या मागून घ्यायच्या, आणि आम्ही दोघी ट्रॉलीसोबत लिफ्टमध्ये शिरायचो. त्यासाठी त्यांची एक युक्ती होती. जुन्या दुरुस्तीच्या वेळची 'लिफ्ट बंद आहे' अशी पत्र्याची पाटी त्यांनी लपवून ठेवली होती. शिरायच्या आधी ती दाराच्या कडीला बांधायची. म्हणजे कोणी दार उघडून डोकावायचं नाही. सोमवारी सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन पाटी काढली की झालं. चार वर्षांत कुणाला पत्ता नव्हता. ट्रॉलीच्या तळाशी, परक्यांच्या चादरींखाली, तो शर्टही असायचा. गरम पाणी आणि चांगला साबण फुकट मिळायचा म्हणून.

त्या शनिवारी ट्रॉलीच्या तळाशी शर्टाखाली आणखी एक गोष्ट होती. माझी पिशवी.

पंधरा दिवसांपूर्वी एका मोठ्या इस्पितळाची मेट्रन चादरी बघायला आली होती. तिच्या गावी नवा धुलाईखाना निघत होता, दिवसभराच्या वाटेवर. तिनं माझ्या घड्या उलटसुलट करून पाहिल्या आणि हळूच विचारलं, "येशील? इस्त्रीचा विभाग तू बघायचा. राहायला खोली." मी हो म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. तिची गाडी शनिवारी संध्याकाळी सहाला मागच्या फाटकापाशी थांबणार होती, आणखी तिघींना घेऊन जायला. "वाट बघत नाही हं मी कुणाची," ती म्हणाली होती. माझी जागा घ्यायला दहाजणी तयार होत्या.

सासूबाईंना मी सांगितलं नव्हतं. पंधरा दिवस रोज तोंड उघडायची आणि मिटायची. शेवटी ठरवलं, वर ट्रॉली लावायची, त्यांना फाटकापर्यंत सोडायचं, काहीतरी विसरलं म्हणून परत फिरायचं आणि पिशवी उचलून गाडीत बसायचं. घरी टेबलावर चिठ्ठी ठेवली होती, तेलाच्या बाटलीखाली. भित्र्या माणसाचं धाडस असंच असतं, चिठ्ठीएवढं.

सासूबाईंनी पाटी बांधली. दार ओढलं, आतला जाळीचा दरवाजा ओढला. मी बटण दाबलं. लिफ्ट हलली, कण्हली, वर निघाली, आणि मध्येच एक हिसका देऊन थांबली.

जाळीसमोर विटांची भिंत होती. वर, डोक्याच्या उंचीला, वरच्या मजल्याच्या लोखंडी दाराची खालची कड दिसत होती, दीड हात. बाकी सगळी भिंतच. दिवा मात्र चालू राहिला, पिवळा, माश्यांनी ठिपके पाडलेला.

"गेली वाटतं," मी म्हणाले.

"जाईल कुठं? आपल्याला घेऊन बसलीय."

मी बटणं दाबली. सगळी दाबली. धोक्याच्या घंटीची गुंडी कधीच निखळली होती. त्या भोकात कुणीतरी साबणाची चकती चिकटवून ठेवली होती. फोन रोजच्यासारखे फाटकावरच्या कपाटात. मी जाळीला तोंड लावून ओरडले. खाली दहा ड्रायर एकदम गडगडत होते. माझा आवाज माझ्याच कानावर परत आला.

"कडकबाई बघेल ना, लिफ्ट वर का आली नाही ते?"

"चार वाजताच पायऱ्यांनी गेली ती. वरच्या पोरीही गेल्या."

"मग बॉयलरवाला तरी."

सासूबाईंनी खाली, दाराच्या दिशेनं पाहिलं. मग म्हणाल्या, "पाटी लावलीय ना बाहेर. बंद लिफ्टकडे कोण बघतंय?" आणि हसल्या, अगदी थोडंसं. "माझ्याच हातानं लावली. सुतळीला दोन गाठी मारल्यात."

मी ॲप्रनच्या खिशातलं घड्याळ काढून पाहिलं. चार वाजून बारा मिनिटं.

"सोमवारपर्यंत इथंच?" माझा आवाज चिरकला.

"माशाच्या पोटात तीन दिवस काढलेच ना त्यानं."

"त्याला निदान मासा होता, आई. जिवंत. हा पत्र्याचा डबा आहे."

"डबा तर डबा. वास तरी बरा आहे."

ट्रॉलीच्या एका चाकात लोखंडी खुंटी असायची. ती घातली की ट्रॉली जागची हलत नाही, काढली की चाक मोकळं. सासूबाईंनी वाकून ती उपसली आणि लिफ्टच्या पत्र्यावर ठोकायला लागल्या. एक, दोन, तीन. सात झाले की थांबायच्या. मनात सात मोजायच्या. पुन्हा सात.

"आई, ड्रायरच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार?"

"आत्ता नाही जाणार."

"मग?"

"मग काय? ड्रायर काय जन्मभर चालणारेत?"

ड्रायर सव्वापाचला बंद व्हायचे. त्यानंतर बॉयलरवाला वीस-पंचवीस मिनिटं तळघरात असायचा, वाफ सोडायला. मग कुलूप. म्हणजे साऱ्या दिवसातली तेवढीच काय ती फट. "मग सव्वापाचलाच ठोकू ना," मी म्हणाले. "आत्तापासून हात कशाला दुखवायचे?"

"आणि आज त्यानं लवकर बंद केले तर?" पुन्हा सात. "नेमकी वेळ ठाऊक असती तर देवाला चिकाटी कशाला लागली असती माणसाकडून? घड्याळ पुरलं असतं."

मी आळीपाळीनं ठोकायला घेतलं. पत्रा हादरायचा आणि तो हादरा कोपरापर्यंत चढायचा. लिफ्टमध्ये आम्ही, ट्रॉली आणि चादरींची ऊब. जागा इतकीच, की एक ठोकत असली की दुसरीनं भिंतीला पाठ चिकटवायची. समोरच्या विटेवर कुणा गवंड्यानं पेन्सिलीनं एक आकडा लिहिला होता, बत्तीस. मी तो इतक्या वेळा वाचला की डोळे मिटले तरी दिसायला लागला. सात वर्षांपूर्वी खिडकीबाहेर अशीच भिंत बघितली होती. तेव्हा वाटलं होतं, सवय होईल. झाली नव्हती.

"सारखं घड्याळ काय बघतेस? दूध उतू जातंय का कुठं?"

"नाही. सहजच."

पावणेपाचला त्यांचा हात फुटला. अंगठ्याच्या बेचक्यातलं कातडं निघालं होतं, रक्त खुंटीवर ओघळलं होतं. मी म्हणाले, "चादर गुंडाळा."

"परक्याच्या चादरीला डाग लावू? कडकबाई माझी घडी घालेल. थांब, शर्ट काढते."

"मी काढते, आई, तुम्ही नका..."

पण त्यांचा दुसरा हात चादरींखाली कोपरापर्यंत गेला होता. तो थांबला. मग हळूहळू वर आला. हातात शर्ट होता, आणि शर्टाबरोबर निळी पिशवी. माहेरहून आले तेव्हा माझ्या हातात हीच होती.

त्यांनी चेन उघडली नाही. पिशवी नुसती तळहातावर तोलली. तीस वर्षं ओल्या-सुक्या कपड्यांची वजनं उचललेला हात तो.

"चार जोड," त्या म्हणाल्या. "आणि ओला टॉवेल. कपड्यांत ओला टॉवेल ठेवतं का कुणी? वास मारतो."

आणि तेवढ्यापुरती चेन उघडून त्यांनी टॉवेल बाहेर काढला, झटकला आणि जाळीवर वाळत घातला.

ड्रायर गडगडत होते. मला वाटलं, आता ही बाई रडेल, नाहीतर मला मारेल. त्यांनी शर्ट फुटलेल्या हाताला गुंडाळला, एक फेर, दोन फेर. सात वर्षं डाग न पडलेल्या कापडावर तांबडा ठिपका उमटला आणि पसरला.

"कुठं?"

मी सांगितलं. इस्पितळ, मेट्रन, खोली.

"गाडी किती वाजता?"

"सहाला. मागच्या फाटकापाशी."

"आत्ता किती?"

"पाचला दहा कमी."

त्यांनी खुंटी उचलली आणि ठोकायला लागल्या. आधीपेक्षा जोरात. दिवा लुकलुकला. रागानं ठोकतायत की कशानं, मला कळेना. सात. थांबणं. सात.

"आई, बोला काहीतरी. शिव्या द्या हवं तर."

"मोजतेय. मध्ये बोलू नकोस. चार... पाच..."

"मी चिठ्ठी ठेवलीय घरी."

"मला कुठं वाचता येतंय? शेजारणीकडून वाचून घ्यायची होती का मी?"

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पंधरा दिवस एकेक शब्द जुळवून चिठ्ठी लिहिली, आणि कोणासाठी लिहितेय हेच विसरले. मी ट्रॉलीच्या कडेला डोकं टेकून रडायला लागले. रडता रडता बोलत सुटले. म्हणाले, "मी नाही तुमच्या ओवीतली सून. मी मागे जाणारी आहे. पहिली. तिला शास्त्रात दोन ओळीसुद्धा नीट नाहीत. मला वाट बघता येत नाही, आई. मी बघितली. पण सात वर्षं मी त्याची वाट नाही बघितली. तुम्ही कधी दमाल, याची बघितली."

ठोकणं चालू होतं. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा.

हात सहावर थांबला. मी मान वर केली. सासूबाई खुंटी हवेत धरून उभ्या होत्या, आणि भिंतीवरच्या त्या आकड्याकडे बघत होत्या. वाचता येत नव्हतं तरी.

मग सातवा ठोका पडला, हलका.

त्या ठोकायच्या, दमल्या की मी. शर्ट त्यांच्या हातावरून माझ्या हातावर यायचा, माझ्या हातावरून त्यांच्या. एकदा त्यांनी माझ्या बोटांना गाठ नीट बांधून दिली, लग्नात बांधावी तशी घट्ट, आणि म्हणाल्या, "मनगटातून मार. खांद्यातून नको. गाडीत हात दुखेल."

गाडीत. मला वाटलं, मीच चुकीचं ऐकलं.

सव्वापाच झाले. ड्रायर एकेक करून गप्प होत गेले, दहावा सगळ्यात शेवटी. तेवढ्या गडगडाटानंतर शांतता अशी आली की कानात दडे बसले. सासूबाईंनी खुंटी उगारली, ठोका मारला आणि घामानं ओली झालेली खुंटी हातातून सुटली. लिफ्टचा तळ आणि भिंत यांमधल्या फटीत ती गेली. विटांवर आपटत, टणटणत, खाली, खाली.

मी किंचाळले. पण सासूबाई थांबल्याच नाहीत. त्यांनी शर्ट गुंडाळलेली मूठ वळली आणि पत्र्यावर मारली. थप्. अगदी मोरीतल्या कपड्यासारखा आवाज. थप्. थप्.

सातावर सात, सातावर सात. किती वेळ, देव जाणे. मग खालून आरोळी आली.

"कोण आहे रे तिकडं? सगळे ड्रायर बंद केले, तरी एक वाजतोय कसा?"

बॉयलरवाला. पाळी सुटायचा भोंगा तोच वाजवायचा आणि बोलायचाही तसाच, म्हणून त्याचं नावच भोंगा पडलं होतं.

"आम्ही! लिफ्टमध्ये!" मी ओरडले.

"लिफ्टला तर पाटी आहे बंद म्हणून!"

"पाटी आमचीच आहे," सासूबाई म्हणाल्या.

"धन्य आहात! उंदरानं सापळा विकत घेतला म्हणायचा!"

तो पायऱ्यांनी वर गेला. किल्ल्यांचा खुळखुळाट झाला, वरचं लोखंडी दार करकरलं, आणि आमच्या डोक्यावरच्या त्या दीड हाताच्या फटीत उजेड आला. उजेडात भोंग्याचं उलटं डोकं.

"मशीन जळलंय. मेकॅनिक सोमवारी. धाकटी येईल यातून. आजी, तुमच्यासाठी शिडी लागेल, आणि शेजारचा दुकानदार लागेल एक हात द्यायला. आलोच दहा मिनिटांत. घाबरू नका."

"तू घाबरू नकोस, पळ," सासूबाई म्हणाल्या.

त्याची पावलं लांब गेली. मी घड्याळ पाहिलं. सहाला सतरा मिनिटं कमी. वरच्या खोलीतून मागचं फाटक जेमतेम पन्नास पावलं.

सासूबाईंनी जाळीचा दरवाजा सरकवला, ट्रॉली फटीखाली ढकलली. खुंटी नव्हती, चाकं मोकळी. हात लावला की ट्रॉली निसटायची. त्यांनी ट्रॉलीला पाठ लावली, समोरच्या पत्र्याला पाय रोवले, आणि ते दुखरे गुडघे ताठ केले. दातांतून वारा काढल्यासारखा आवाज आला.

"चढ."

"आई, तुमचे गुडघे..."

"गुडघे माझे आहेत. चढ."

मी चादरींवर चढले. ट्रॉली हलली, त्यांनी धरली. मी वरच्या फरशीवर कोपरं टेकली. आणि तेवढ्यात माझ्या पायाखालून तो जाडाभरडा गळा उठला. श्वास लागलेला, पण ताल पक्का.

जा गं लेकींनो माघारी, आपापल्या मायघरी
सासू म्हणे दोघींनाही, मुका घेई गालावरी

मी तिथंच लटकले, अर्धी आत, अर्धी बाहेर.

"ही ओवी... तुम्हाला येत होती?"

"थांबू नकोस. वर हो आधी."

मी पोटावर सरपटत बाहेर आले. फरशी गार होती. मागच्या खिडकीतून फाटक दिसत होतं, आणि फाटकापाशी पांढरी गाडी, मागचं दार उघडं. तीन बायका सामान चढवत होत्या.

मी फटीत वाकले. सासूबाईंनी ट्रॉली सोडली होती. त्यांनी पिशवी उंच करून दिली. मग जाळीवरचा टॉवेल काढला, हातानं चाचपला आणि तोही दिला. "वाळलाय," त्या म्हणाल्या.

मी पिशवी बाजूला टाकून हात खाली सोडला. "द्या हात. भोंगा येईपर्यंत मी धरते. गाडी गेली तर जाऊ दे."

त्यांनी हात दिला नाही. पिवळ्या दिव्याखाली उभ्या राहून त्या माझ्याकडे बघत होत्या. मूठ अजून शर्टातच होती. वरून त्या पहिल्यांदाच मला लहान दिसल्या.

"आधी ऐक," त्या म्हणाल्या. "मग हात द्यायचा का ते तू ठरव."

"काय?"

"तो गेला त्या सकाळी मी मोरीत कपडे धुत होते. तू पाणी आणायला गेली होतीस. तो माझ्या मागे येऊन उभा राहिला. म्हणाला, 'आई, मी परत येणार नाही. तिला सांग. तिच्या भावाला बोलव, तिला मोकळं कर.' मी कपडा जोरात आपटला, ऐकू आलं नाही असं दाखवायला. तो पुन्हा बोलला. मी पुन्हा आपटला. तिसऱ्यांदा तो बोललाच नाही."

त्यांनी मुठीवरचा शर्ट सोडवायला घेतला. गाठ सुटेना. त्या बोलत राहिल्या, गाठीकडे बघत.

"मला वाटलं, देवाला सांगेन. देव त्याला वळवेल. तो आला की मी काही लपवलं होतं असं होणारच नाही. सात वर्षं त्याच्या दारावर ठोकत बसले, आणि तुझ्या दाराला मी स्वतः पाटी लावली होती. तू गेली असतीस तर घरात माझ्या हाकेला ओ द्यायला कोण होतं, सांग? म्हणून ती एक ओवी गिळली. आईनं शिकवली होती गं. सगळ्यात आधी तीच शिकवली होती."

बाहेर गाडीचं दार लागल्याचा आवाज झाला. अजून एक लागायचं होतं.

गाठ सुटली. शर्ट चादरींवर पडला, आणि सासूबाईंनी मान वर केली.

"तो येणार नाही, पोरी. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं."